गाडी संध्याकाळी येते: नवा कैदी आत कसा घेतात आणि त्यासाठी माणसं कुठून आणतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: कारागृह सेवेत नुकतीच निवड झालेल्या एका उमेदवाराने विचारलंय की नवा कैदी आत घेताना नेमकं काय काय केलं जातं, आणि एखाद्या तुरुंगाला किती कर्मचारी लागतात हे कशावरून ठरतं. त्यांनी हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत. मी या कामात २६ वर्षं काढली. सुरुवातीची बरीच गेटवर आणि नोंदणीच्या टेबलावर गेली, नंतरची ड्युट्या लावण्यात. माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं कारण एवढंच की गाडी संध्याकाळी येते.

कोर्टाचं काम दिवसभर चालतं. कोणाला कोठडी, कोणाचा जामीन फेटाळला, कोणाला शिक्षा, हे दुपारनंतर ठरत जातं. मग कागद तयार होतात, सह्या होतात, शिक्के बसतात. गाडी दोन-तीन कोर्टांतून माणसं गोळा करत निघते आणि दिवस कलताना तुरुंगाच्या दारात येऊन उभी राहते. त्या वेळी आत काय चाललेलं असतं? कैद्यांना बॅरॅकमध्ये घालून गिनती सुरू असते. दिवसपाळीला घरी जायची घाई असते, रात्रपाळी अजून चार्ज घेत असते. डॉक्टर गेलेले असतात, कार्यालयातले लिपिकही. ज्यांच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही अशी बारा-पंधरा माणसं अशा वेळी आत येतात, जेव्हा आपल्याकडे सगळ्यात कमी हात मोकळे असतात.

आता दारापासून सुरुवात करू.

वॉरंट नाही तर माणूस आत नाही. हे इतकं उघड वाटतं की सांगायची गरज नसावी, पण गेटवर उभं राहिल्यावर कळतं. गाडीबरोबर आलेला अंमलदार दमलेला असतो, त्याला परत जायचं असतं. ‘एकाचा कागद कोर्टातच राहिलाय, उद्या सकाळी आणून देतो, आज ठेवून घ्या.’ त्याच्याशी तुमची रोजची ओळख असते, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरीही घ्यायचं नाही. कायदेशीर आदेशाशिवाय माणूस कोंडून ठेवला की तो बेकायदा डांबलेला माणूस ठरतो आणि ते तुमच्या सहीने झालेलं असतं. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये जिनिव्हात कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम ठरवले. आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये ते सुधारून स्वीकारले, तेव्हा त्यांना २७ वर्षं तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. एकूण १२२ नियम आहेत. सगळे पाठ करू नका, पण सातवा नियम मात्र गेटवर बसणाऱ्याने तोंडपाठ ठेवावा: वैध आदेशाशिवाय कोणालाही दाखल करायचं नाही, आणि दाखल करताना कोणकोणती माहिती लिहायचीच याची यादी. ओळख, अटकेचं कारण आणि अधिकार कोणाचा, अटकेची आणि दाखल झाल्याची तारीख-वेळ, अंगावर दिसणाऱ्या जखमा आणि आधी मारहाण झाल्याची तक्रार, सामानाची यादी, घरच्यांची नावं, मुलं असतील तर त्यांची वयं आणि ती कुठे आहेत ते, आणि अडीअडचणीला कोणाला कळवायचं.

प्रत्येक गोष्टीमागे कधी ना कधी कोणाचं तरी नुकसान झालेलं आहे. मी फक्त तीनच घेतो.

पहिली गोष्ट ओळख. नवखा कर्मचारी वॉरंटवरचं नाव मोठ्याने वाचतो आणि समोरचा ‘हो’ म्हणतो. असं करू नका. नाव त्याच्या तोंडून वदवून घ्या, मग कागदाशी जुळवा. मी नोकरीत नवा असताना एका संध्याकाळी दोघांनी गाडीतच नावं बदलून घेतली होती. एकाचा गुन्हा किरकोळ, दुसऱ्या दिवशी जामीन ठरलेला. दुसऱ्याचा गुन्हा गंभीर. मी नाव पुकारलं, भलताच माणूस पुढे आला, मी टिकमार्क केली. दुसऱ्या दिवशी वकील भेटायला आला आणि म्हणाला, ‘हा माझा अशील नव्हे.’ वकील दोन तास उशिरा आला असता तर एक गंभीर गुन्ह्यातला आरोपी माझ्या सहीने गेटबाहेर गेला असता. त्या वेळी आमच्याकडे टेबलावर बोटांचे ठसे लगेच जुळवायची सोय नव्हती. ठशांवरून माणूस ओळखायची विद्या मात्र फार जुनी आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, आणि त्यातल्या वर्गीकरणाच्या पद्धतीवर अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी काम केलं. नाव मात्र बराच काळ त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं लागलं. यंत्र असो वा नसो, वॉरंटवरच्या खुणा, वय, उंची हे डोळ्यांनी पाहायचंच.

दुसरी गोष्ट जखमा. सही करून ताब्यात घेण्याआधी माणूस उजेडात नीट पाहायचा. डोळ्याखाली काळं-निळं, चालताना पाय ओढणं, बोटं सुजलेली, जे दिसेल ते लिहायचं आणि आणणाऱ्याची त्यावर सही घ्यायची. जखम गंभीर असेल तर आधी दवाखाना, मग दाखल. ही नोंद कैद्याचं रक्षण करते आणि तुमचंही. महिनाभराने कोणी विचारलं की हा हात कुठे मोडला, तर उत्तर त्या एका ओळीत असतं. ओळ नसेल तर हात तुरुंगातच मोडला असं धरलं जाणार, आणि धरणाऱ्याचं चुकत नाही.

तिसरी गोष्ट सामान. यादी त्याच्या समोर करायची, वाचून दाखवायची, सही किंवा अंगठा घ्यायचा. अंगठी ‘सोन्याची’ लिहायची नाही, ‘पिवळ्या धातूची’ लिहायची. आपण सोनार नाही. आणि एक गोष्ट कुठल्याही नियमावलीत मला सापडली नाही, ती इथे सांगून ठेवतो. मोबाइल पाकिटात बंद करून सील करण्याआधी त्यातले घरच्यांचे आणि वकिलाचे नंबर त्याला कागदावर उतरवून घेऊ द्या. आजकाल कोणालाही कोणाचा नंबर पाठ नसतो. घरी कळवायचा हक्क कागदावर असतो आणि नंबर सील केलेल्या पाकिटात. अशी माणसं मी आठ-आठ दिवस नुसती दाराकडे बघत बसलेली पाहिली आहेत.

अंगझडतीबद्दल थोडक्यात. आडोशाला घ्यायची, बाईची बाईनेच घ्यायची, कपडे उतरवायला लावायचे असतील तर खरंच गरज असेल तेव्हाच, आणि घेतल्याची नोंद ठेवायची. शरीराच्या आतली तपासणी हे तुमचं काम नाही. ते वैद्यकीय माणसाने करायचं, आणि तोही कैद्याच्या रोजच्या उपचाराचा डॉक्टर नसावा, नाहीतर पुढे आजार सांगायला कैदी त्याच्याकडे जाणारच नाही. झडती घेताना थट्टा-मस्करी करणारा सहकारी दिसला तर त्याला त्या टेबलावरून उठवा. पहिल्या दहा मिनिटांत झालेला अपमान कैदी वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि त्याची किंमत झडती घेणारा सोडून दुसराच कोणीतरी मोजतो.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते: तब्येत.

नियम म्हणतो की दाखल झाल्यावर शक्य तितक्या लवकर डॉक्टरने किंवा पात्र आरोग्य कर्मचाऱ्याने तपासावं. पण गाडी संध्याकाळी आलेली असते आणि डॉक्टर सकाळी येणार असतात. मधले बारा-चौदा तास टेबलावर बसलेल्या माणसाच्या प्रश्नांवर जातात. कोणते प्रश्न? रोजची गोळी कोणती चालू आहे, शेवटची कधी घेतली. मधुमेह, फिट, दमा, हृदयाचं काही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्री घाम, वजन उतरणं, ताप; यातलं काही असेल तर गर्दीच्या बॅरॅकमध्ये न टाकता वेगळं ठेवायचं आणि सकाळी क्षयरोगासाठी तपासायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो विचारायला लोक लाजतात: शेवटची दारू कधी प्यायलात?

या प्रश्नाचं गणित समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, अस्वस्थपणा सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, भास होतात, ताप चढतो. त्यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. आता अटक कधी झाली ते पाहा. काल रात्री अटक, रात्र लॉकअपमध्ये, आज दिवसभर कोर्टात, संध्याकाळी तुमच्याकडे. म्हणजे तो तुमच्या टेबलावर येतो तेव्हा घड्याळ बरोबर धोक्याच्या भागात शिरलेलं असतं, आणि सर्वांत वाईट रात्र तुमच्या बॅरॅकमध्ये येणार असते. बाहेरून हे कसं दिसतं? आरडाओरडा करतोय, दार वाजवतोय, भिंतीवर किडे दिसतात म्हणतोय, शिव्या देतोय. अनुभव नसलेल्या रात्रपाळीला वाटतं की नवा आहे, नाटकं करतोय. एका तुरुंगात असाच एक माणूस ‘शांत व्हावा’ म्हणून एकांत कोठडीत टाकला होता. पहाटेच्या फेरीला तो जमिनीवर फिट येऊन पडलेला सापडला. वाचला, पण त्यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं. त्याच्या दाखल-फॉर्मवर व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं, आणि त्या संध्याकाळी आलेल्या सगळ्याच फॉर्मांवर त्या रकान्यात त्याच अक्षरात ‘नाही’ होतं. लिहिणारा वाईट नव्हता. तो एकटा होता, गाडीत १९ जण होते, आणि गिनतीचा मेळ लागायचा होता.

तेव्हापासून मी नव्यांना सांगत आलो की प्रश्न ‘दारू पिता का’ असा विचारायचाच नाही. त्याचं उत्तर ‘नाही’ येतं. ‘शेवटची कधी घेतली, परवा की काल?’ असं सरळ विचारलं की माणूस खरं सांगतो.

मनाचंही तसंच. आत्महत्येचा धोका तुरुंगातल्या सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त असतो, विशेषतः खटला अजून उभा राहायचाय अशा कच्च्या कैद्यांत. दंगा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मला भीती वाटायची ती शांत माणसाची: पहिल्यांदाच आत आलेला, समाजात मान असलेला, किंवा रागाच्या भरात घरच्याच माणसाचा जीव घेऊन बसलेला. तो सगळी उत्तरं नीट देतो, ‘साहेब, काही नको’ म्हणतो. त्याला थेट विचारायचं की जीव द्यावासा वाटतोय का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत खोटी आहे. आणि ‘सुरक्षित’ म्हणून त्याला एकटं ठेवायचं नाही. बोलक्या, समजूतदार माणसांत ठेवायचं आणि फेऱ्या ठरलेल्या ठोक्याला न मारता वेळा बदलून मारायच्या. इंग्लंड-वेल्समधल्या बऱ्याच तुरुंगांत पहिल्या रात्रीसाठी वेगळा विभाग असतो, तिथले कर्मचारी याच कामात मुरलेले असतात. इमारत नसली तरी एक बॅरॅक आणि दोन माणसं त्यासाठी ठरवता येतात.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी लिहितो. आमच्या एका महिला सहकाऱ्याने रात्री अकराला मला घरी फोन केला होता. संध्याकाळी दाखल झालेली एक बाई काही न बोलता सारखी रडत होती. हिने शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं की घराला बाहेरून कुलूप आहे आणि आत दोन मुलं आहेत. अटक करणाऱ्यांनी विचारलं नाही, कोर्टाने विचारलं नाही, आमच्या फॉर्मवर ‘मुलं: २’ एवढंच होतं. मध्यरात्री दार उघडलं गेलं, मुलं सुखरूप होती. स्त्री कैद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये जे नियम केले, ज्यांना बँकॉक नियम म्हणतात, त्यात दुसराच नियम सांगतो की जिच्यावर मुलांची जबाबदारी आहे तिला आत घेण्याआधी किंवा घेताना त्यांची सोय लावू द्यावी, गरज पडली तर मुलांच्या हितासाठी काही काळ अटकाव पुढेही ढकलता यावा. फॉर्मवर ‘मुलं किती’ याच्यापुढे ‘आत्ता कोणापाशी’ हा रकाना आम्ही नंतर हाताने आखून घेतला.

बाकी अंघोळ, कपडे, अंथरूण, फोटो, नोंदणी क्रमांक हे चालीरीतीप्रमाणे होतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. तुरुंगाचे नियम, तक्रार कशी करायची, भेट कधी मिळते हे लेखी द्यायचं, आणि वाचता येत नसेल तर तोंडी सांगायचं. पण पहिल्या संध्याकाळी सांगितलेलं कोणाच्या डोक्यात राहत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी परत सांगा.

कोणाला कुठे ठेवायचं हे वर्गीकरण नंतरच्या दिवसांत होतं. स्त्री-पुरुष, अल्पवयीन-प्रौढ, कच्चे-पक्के हे वेगळं ठेवणं आलंच. जगभरात १ कोटीहून जास्त माणसं तुरुंगात आहेत आणि त्यांतला साधारण तिसरा हिस्सा अजून दोषी ठरलेलाच नाही, हे वेगळं ठेवताना लक्षात असू द्या. पुढचा निर्णय बरेच जण गुन्ह्याचं कलम पाहून घेतात, तो मला पटत नाही. आत कोण त्रास देईल हे कलमावरून फारसं कळत नाही. खुनाच्या शिक्षेतला पन्नाशीचा माणूस बहुतेकदा सगळ्यात शिस्तीचा निघतो आणि चोरीतला एकोणीस वर्षांचा पोरगा रोज भांडतो. वय, पूर्वी आत असतानाची वागणूक, पळायचा प्रयत्न केला होता का, आणि आत आधीपासून कोणाशी वैर आहे का, हे जास्त उपयोगी. यातला शेवटचा प्रश्न मात्र पहिल्याच संध्याकाळी विचारावा लागतो. त्याला थांबता येत नाही.

आता माणसांचं गणित. इथे नवखे आणि वरिष्ठ, दोघेही एकाच जागी फसतात: ते कैद्यांच्या संख्येला कर्मचाऱ्यांच्या संख्येने भागतात. १,२०० कैदी, २०० गणवेशधारी कर्मचारी, म्हणजे सहाला एक. वाईट नाही, असं वाटतं. आता हिशोब करू.

एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची तर ८,७६० तास लागतात. एक माणूस वर्षाला किती तास देतो? ३६५ दिवसांतून आठवड्याची सुटी ५२ दिवस वजा करा, हक्काची रजा ३० धरा, आजारपण १२, सण आणि सार्वजनिक सुट्या १२, प्रशिक्षण ९. उरले २५०. आठ तासांप्रमाणे २,००० तास. म्हणजे एका जागेला ४.३८ माणसं. आठवड्याला दोन सुट्या असतील तर साडेपाचच्या वर. आकडे तुमच्या सेवेचे घाला, पण साडेचार-पाचच्या आसपासच याल. वेळापत्रक करणारे याला रजा राखीव धरून निघणारा गुणक म्हणतात, आणि मंजूर पदांच्या यादीत सगळ्यात आधी कात्री यालाच लागते, कारण कागदावर ती माणसं ‘रिकामी’ दिसतात.

तर २०० माणसं म्हणजे कुठल्याही एका क्षणी कामावर साधारण ४५. त्यांतली चार मनोऱ्यांवर, तीन मुख्य गेटवर, दोन आतल्या गेटवर, दोन नियंत्रण कक्षात, दोन भिंतीच्या गस्तीवर, दोन आतल्या दवाखान्यात, दोन बाहेरच्या रुग्णालयात भरती असलेल्या कैद्यापाशी, सहा स्वयंपाकघर-कारखाना-भेटी-भांडार इथे, तीन कार्यालय आणि नोंदणीला. २६ झाली. कोर्टाची ने-आण तुरुंगाकडेच असेल तर आणखी आठ गेली. पोलीस करत असतील तर वाचली. उरली अकरा, आणि आत १,२०० कैदी. सहाला एक कुठे गेला? प्रत्यक्षात शंभराच्या वर कैद्यांमागे एक.

आणि त्या दोन जणांकडे परत पाहा, रुग्णालयातल्या. एकच कैदी बाहेर भरती झाला तर दोन पहारेकरी चोवीस तास, म्हणजे पदांच्या हिशोबात जवळजवळ नऊ माणसं. तीन कैदी भरती झाले की एक पूर्ण पाळी कोलमडते. म्हणून मी नेहमी सांगायचो की आत एक चांगली परिचारिका संध्याकाळी ठेवा, ती दहा शिपायांइतकी माणसं वाचवते. हे सांगितल्यावर वरिष्ठ हसायचे. त्यांनी रात्री दोनला ड्युटी लावायला माणूस शोधलेला नव्हता.

गुणोत्तर लहान विभागांत तर पार निरुपयोगी आहे. स्त्री विभागात पंधराच कैदी असल्या तरी तिथे चोवीस तास बाईच हवी. मंडेला नियमांतला ८१ वा नियम पुरुष कर्मचाऱ्याला एकट्याने त्या विभागात जायलाही मनाई करतो. एका जागेला साडेचार, आणि रात्री एकटी नको म्हणून दोघी धरल्या तर नऊ. ‘पंधरा बायकांना नऊ जणी कशाला’ हा शेरा मी फाइलवर वाचलेला आहे.

माणसं कमी पडली की शॉर्टकट येतो, आणि तो नेहमी एकच असतो: कैद्यांवरच कैद्यांचा ताबा सोपवायचा. नवा आला की त्याला बॅरॅकमध्ये ‘बसवणारा’ एखादा जुना कैदी असतो. जागा तो देतो, नियम तो सांगतो, वसुलीही तोच करतो. कर्मचाऱ्याला सोयीचं वाटतं कारण गलका होत नाही. अमेरिकेत टेक्सासच्या तुरुंगांत ही पद्धत इतकी मुरली होती की निवडक कैदी उघडपणे पहारेकऱ्यांचं काम करत. १९८० मध्ये न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी (आडनावच न्याय!) तिथल्या परिस्थितीवर कडक निकाल दिला आणि पुढच्या काही वर्षांत ही पद्धत मोडीत निघाली. पण त्या कैद्यांची जागा घ्यायला पुरेसे शिकलेले कर्मचारी नव्हते. १९८४-८५ मध्ये टोळ्यांनी ती पोकळी भरली आणि तुरुंगांत खुनांची लाट आली. पद्धत मोडली ते बरोबरच होतं. मंडेला नियमांतला ४० वा नियमही कैद्याला शिस्तीचे अधिकार द्यायला मनाई करतो. पण सत्ता काढून घेतली त्याच दिवशी तिथे माणूस उभा करावा लागतो.

कोणता माणूस, हा पुढचा मुद्दा. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात सप्टेंबर १९७१ मध्ये उठाव झाला, ४३ जण मेले. नंतरच्या चौकशीत एक साधी बाब पुढे आली: ड्युट्या ज्येष्ठतेप्रमाणे निवडायची मुभा होती, त्यामुळे अनुभवी कर्मचाऱ्यांनी कैद्यांशी संबंध येणार नाही अशा जागा घेतल्या आणि कैद्यांच्या मधोमध सगळ्यात नवखे राहिले. ही गोष्ट वाचली तेव्हा मी माझ्याच ड्युटी-तक्त्याकडे पाहिलं. आमच्याकडे नियम नव्हता, नुसती रीत होती. मनोऱ्यावर बावीस वर्षांची नोकरी झालेला, आणि संध्याकाळच्या नोंदणीला आठ महिन्यांपूर्वी भरती झालेला पोरगा. वर्षानुवर्षं.

याच्या उलट टोकाची उदाहरणंही आहेत. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मार्टिनेझ इथे एक तुरुंग उघडला, तिथे कर्मचारी काचेमागे न बसता कैद्यांच्याच दालनात दिवसभर वावरतो. सुरुवातीला लोकांना हे वेडेपण वाटलं, पण पुढे बऱ्याच ठिकाणी ही रचना घेतली गेली. नॉर्वेत भरतीनंतर दोन वर्षांचं पगारी शिक्षण आहे आणि प्रत्येक कैद्याला एक ठरलेला संपर्क अधिकारी असतो. शिक्षक, डॉक्टर बाहेरच्या नेहमीच्या सेवांतूनच येतात. तेवढी माणसं आणि तेवढा पैसा सगळीकडे नसतो हे मला माहीत आहे. पण दोन्हीकडे एक सारखं आहे: कैद्याशी रोज बोलणारं काम खालच्या दर्जाचं मानलेलं नाही.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, फार मोठं नाही. दुपारी दोन ते रात्री दहा अशी एक मधली पाळी काढली. त्यात तीनच माणसं, पण तिघंही जुनी, त्यांतली एक बाई. दिवसपाळीतून दोन आणि मनोऱ्यावरून एक उचलला. तिथली एक जागा कॅमेऱ्यावर भागत होती. परिचारिकेची वेळ सकाळी आठऐवजी दुपारी बारापासून केली. गाडीच्या अंमलदाराला निघताना फोन करायला सांगितलं, किती माणसं आणि कोणी आजारी आहे का एवढंच. पहिले दोन महिने जुन्या लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं, एकाने अर्ज करून बदली मागितली. मनोऱ्यावरून उतरवणं म्हणजे शिक्षा, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. मग हळूहळू रात्रीचे फोन कमी झाले. रुग्णालयात नेण्याच्या धावपळीही कमी झाल्या, म्हणून रात्रपाळीला माणसं उरू लागली. बदली मागणारा टिकला. पुढे नव्यांना नोंदणी शिकवायला मी त्यालाच बसवायचो.

तुम्ही रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कोणी फारसं काम सांगणार नाही. त्या वेळात गेल्या महिन्याची गेटची आवक-नोंदवही मागून घ्या आणि त्याच महिन्याचा ड्युटी-तक्ता. दोन्ही शेजारी ठेवा. गाडी ज्या वेळी आली त्या वेळेसमोर नोंदणीच्या टेबलावर कोण होतं आणि त्याची नोकरी किती झाली होती ते पेन्सिलीने लिहा. चार-पाच दिवसांच्या नोंदी पुरतात. कोणाला विचारायला जाऊ नका, आधी नुसतं लिहून काढा.